घरच्या होडीला स्वस्तातले शीड : ताडपत्री, मांजरपाट, फ्लेक्स आणि बाकीचे

प्लायवूडची आठ-दहा फुटी होडी घरी बांधून झाली की शिडापाशी गाडी अडते. शिवून घेतलेल्या डेक्रॉनच्या, म्हणजे शिडाच्या खास पॉलिएस्टर कापडाच्या, शिडाचा खर्च बघितला तर होडीपेक्षा शीड महाग पडते. मग ताडपत्री, फ्लेक्स, छत्रीचे कापड, जुन्या साड्या असे सगळे डोळ्यांपुढे येते आणि पहिला प्रश्न पडतो, 'हे वाऱ्यात फाटणार तर नाही?'

इतक्या लहान शिडाला फाटण्याची भीती फारशी नसते. साडेतीन चौरस मीटरचे शीड आणि ताशी २८ किलोमीटरचा, म्हणजे खाडीत पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतील असा वारा धरला, तर अख्ख्या शिडावर येणारा जोर साधारण १९-२० किलो भरतो. कोपऱ्यांवर ताण त्याहून जास्त येतो, पण तिथे ठिगळे लावता येतात. बरी ताडपत्री एवढ्याला सहज पुरते. खरी अडचण ताणाची, म्हणजे कापड लांबण्याची. कापड ताणले गेले की शिडाचा फुगवटा मागे सरकतो, होडी वाऱ्याकडे तोंड करून चढेनाशी होते आणि नुसती आडवी वाहत जाते. दुसरी अडचण उन्हाची. म्हणून कापड निवडताना आधी ताण, मग ऊन, मग वजन, आणि ताकद सगळ्यात शेवटी बघावी.

उरेब ताण म्हणजे काय

कापड उभ्या धाग्याने किंवा आडव्या धाग्याने ओढले तर फार लांबत नाही. तिरके, शिंप्याच्या भाषेत उरेब, ओढले की मात्र विणीतले चौकोन कलंडतात आणि कापड लांबते. शिडावर ताण सगळीकडून येतो, त्यामुळे उरेब ताण टाळता येत नाही. डेक्रॉन म्हणजे घट्ट विणून, राळ पाजून, तापवून बसवलेले पॉलिएस्टरच. लहान होड्यांना ते साधारण १७० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १७० ग्रॅम भरणारे, वापरतात. विणीतले चौकोन कलंडू नयेत म्हणूनच त्याच्यावर एवढे संस्कार केलेले असतात. आपल्याला स्वस्तात त्याच्या जवळपास जायचे आहे.

दुकानातून नमुना आणा. उरेब दिशेने ५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब पट्टी कापा. एक टोक खिळ्याला अडकवा, दुसऱ्याला पाच लिटर पाण्याचा कॅन टांगा. दहा मिनिटांनी लांबी मोजा. मग कॅन तसाच ठेवून दुपारभर उन्हात टांगा, संध्याकाळी उतरवा आणि तासाभराने पुन्हा मोजा. पहिल्या मोजणीत कापडाचा स्वभाव कळतो, दुसरीत खोड. जी पट्टी उतरवल्यावरही लांबलेलीच राहते तिचे शीड दोन-चार वाऱ्यांत पिशवी होते. तीन-चार नमुने शेजारी शेजारी टांगले तर आकडे पाठ असण्याची गरजच नाही, फरक डोळ्यांना दिसतो.

ताडपत्री

पहिल्या शिडासाठी आमचे मत ताडपत्रीलाच, पण बघून घेतलेल्या. बाजारात 'प्लास्टिक ताडपत्री' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक विणलेली : एचडीपीईच्या (हे पॉलिइथिलीन प्लास्टिकच) चपट्या फितींची वीण आणि दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकचा लेप. दुसरी न विणलेली : फिल्मचे थर एकमेकांवर तिरके चिकटवून केलेली, सिलपोलिनसारखी. न विणलेलीत ताणाबाणा नसल्यामुळे ती सगळ्या दिशांनी जवळपास सारखी वागते, ही तिची जमेची बाजू. पण तिला सुईची भोके सोसत नाहीत. शिवणीच्या रेषेतून टराटरा फाटू शकते, म्हणून ती घेतली तर शिवणीखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि वर पट्टा हवाच. शिवायला विणलेली सोपी.

जाडी १५० ते २०० जीएसएम. १२० च्या खाली गेलात तर फडफडून लवकर खिळखिळी होते, २५० च्या वर ती इतकी ताठ असते की हलक्या वाऱ्यात आकारच घेत नाही. दुकानदार सांगेल तो जीएसएम खरा धरू नका, तराजूवर ठेवा. १२ × ९ फुटांच्या ताडपत्रीचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर भरते. म्हणजे १५० जीएसएमची असेल तर वजन दीड किलो, २०० ची असेल तर दोन किलो. कडेची दोरी आणि आयलेट, म्हणजे भोकांतल्या धातूच्या कड्या, यांचे थोडे वर धरा. १५० म्हणून दिलेली एक किलोच भरली तर परत द्या. काही दुकाने फुटांतही काटछाट करतात, तेव्हा मोजायची टेपही लावा.

रंगाचा संबंध उन्हाशी आहे. साधी पातळ निळी ताडपत्री एका उन्हाळ्यात भुगा होते, कारण पॉलिइथिलीनला ऊन मुळीच सोसत नाही आणि स्वस्त मालात ऊनरोधक मिसळताना हात आखडलेला असतो. काळ्या रंगात कार्बन ब्लॅक असते, ते ऊन अडवते, त्यामुळे काळी सगळ्यात जास्त टिकते. पण होडी उलटली तर काळे शीड लांबून पाण्यावर दिसत नाही. ऊनरोधक म्हणून खात्रीने मिळाली तर पिवळी किंवा नारिंगी घ्यावी. नखाने खरवडून पांढरी भुकटी निघू लागली की त्या शिडाचे दिवस भरले, मग ते ठिगळांनी वाचत नाही.

पॉलिइथिलीनचा मोठा दोष असा की ते सतत ताणाखाली हळूहळू लांबत राहते आणि पूर्ण परतत नाही, त्यात उन्हाने तापले की आणखी. त्यामुळे होडी लावून ठेवताना शीड कधीही ताणलेले ठेवू नका. किनाऱ्याला लागलात की शिडाचा वरचा कोपरा ताणून धरणारी तिरकी काठी सैल करा आणि शीड गुंडाळा.

बाकीची कापडे, थोडक्यात

मांजरपाट आणि कॅनव्हास. सुती कापड ओले झाले की उलट मजबूत होते, शिवायला सोपे, हाताला छान, आणि आकार सुंदर घेते. पण आटते, म्हणून कापण्याआधी दोनदा भिजवून वाळवून घ्यायलाच हवे. आणि ओले गुंडाळले तर चार दिवसांत बुरशी. कोकणातल्या दमट हवेत हे नाटक नको असेल तर सुती घेऊ नका. जुन्या काळी विलायतेत मासेमारीच्या होड्यांची सुती शिडे कुजू नयेत म्हणून कातात उकळत, त्यामुळे ती तांबूस दिसत. हा कात खैराचाच, इकडूनच जायचा. घरी हा प्रयोग करता येतो, पण डाग कपड्यांना, अंगणाला आणि शेजाऱ्याच्या भिंतीलाही लागतात.

फ्लेक्स. निवडणुका झाल्या की फुकट मिळतो म्हणून मोह होतो. आत विरळ पॉलिएस्टरची जाळी आणि वर पीव्हीसी. ताण कमी, ही चांगली गोष्ट. पण ३४० जीएसएमच्या फ्लेक्सचे साडेतीन चौरस मीटरचे शीड जवळपास सव्वा किलोचे होते. ताडपत्रीचे अर्धा ते पाऊण किलोच असते. हे वजन डोलकाठीच्या वरच्या टोकाला जाऊन बसते, लहान होडी डुलू लागते. शिवाय घडीच्या रेषेत पीव्हीसी चिरते आणि तिथूनच जाळी उसवते. जुन्या बॅनरची ठिगळे आणि कोपऱ्यांचे थर मात्र उत्तम होतात.

छत्रीचे आणि तंबूचे कापड. यात पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही येते आणि दुकानदाराला अनेकदा ठाऊक नसते. पट्टीला वजन टांगून मोजा, मग पाणी मारून पुन्हा मोजा. ओली झाल्यावर आणखी लांबली तर नायलॉन, ते वाऱ्यामागून पळणाऱ्या मोठ्या फुगीर शिडालाच चालते. पॉलिएस्टर असेल तर हलक्या वाऱ्याला हे फार चांगले, पण ६०-७० जीएसएमचे कापड दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात उरेब ताणते. बॅगा शिवणाऱ्यांकडचे लेप दिलेले जाड पॉलिएस्टर त्याहून बरे. ताडपत्रीपेक्षा महाग, डेक्रॉनपेक्षा बरेच स्वस्त, आणि उन्हात ताडपत्रीपेक्षा जास्त वर्षे काढते. दुसरे शीड याचे करावे.

खताच्या आणि साखरेच्या गोण्या. पॉलिप्रॉपिलीन उन्हात पॉलिइथिलीनपेक्षाही लवकर मरते, आणि जोड इतके येतात की शिवणकामातच आठवडा जातो. साडी : विचारही करू नका.

आणि एक वाट अशी जी आधी बघायला हवी : यॉट क्लबातून बाद झालेले शीड. शर्यतीत आकार जरा बिघडला की शीड बाद होते, पण त्याचे डेक्रॉन नव्या ताडपत्रीपेक्षा अजून चांगलेच असते. लेझर नावाच्या शर्यतीच्या होडीचे शीड ७ चौरस मीटरचे असते, त्यातून साडेतीनचे आरामात निघते. कापताना जुन्या शिडाची मागची बाजू जिकडे होती तिकडेच तुमच्या शिडाची मागची बाजू ठेवा, म्हणजे धाग्याची दिशा बरोबर येते. जिथे ते सतत फडफडलेले असते ती अगदी शेवटची चार बोटे टाकून द्या.

एक नेमके शीड : मापे

उदाहरणाला तिरक्या काठीचे चौकोनी शीड घेऊ. डोलकाठी आखूड, आडवी खालची काठी लागलीच पाहिजे असे नाही, आणि सगळे सामान होडीच्या आत मावते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये मुलांसाठी आखलेल्या ऑप्टिमिस्ट होडीचे शीड याच जातीचे आहे, क्षेत्रफळ सुमारे ३.३ चौरस मीटर. (शर्यतीत वर्गाच्या नियमात बसणारेच शीड चालते, हे घरचे नाही.)

कोपऱ्यांना सोयीसाठी नावे देऊ. डोलकाठीलगतचा खालचा 'पायथा', तिथलाच वरचा 'खांदा', तिरक्या काठीच्या टोकाशी 'शेंडा', आणि मागचा खालचा, जिथे ओढायची दोरी बांधतात तो 'शेपूट'.

पायथा ते खांदा १.८० मी
खांदा ते शेंडा १.३५ मी
शेंडा ते शेपूट २.८४ मी
शेपूट ते पायथा २.०० मी
कर्ण, पायथा ते शेंडा २.९७ मी
कर्ण, खांदा ते शेपूट २.५१ मी

क्षेत्रफळ साधारण ३.५ चौरस मीटर. चार बाजू जुळल्या आणि कर्ण नाही जुळले तर शीड वेगळेच होते, म्हणून दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय कात्री लावू नका. १२ × ९ फुटांची ताडपत्री पुरते आणि कोपऱ्यांच्या थरांना तुकडे उरतात.

ताडपत्री गच्चीवर पसरा, कडेला विटा ठेवा, एकही सुरकुती नको. शेंडा ते शेपूट ही मागची बाजू ताडपत्रीच्या लांब कडेला समांतर घ्या. कारखान्याची दुमड आणि आयलेट सोडून दहा सेंमी आत. कारण मागच्या बाजूला काठीचा आधार नाही, सगळा ताण कापडच झेलते, म्हणून उभा धागा तिच्या रेषेत हवा. ही एकच गोष्ट चुकली तर बाकी सगळे बरोबर असूनही शीड पिशवी होते.

आता फुगवटा. सपाट कापडाला फुगवटा द्यायची सोपी युक्ती अशी की डोलकाठीची बाजू सरळ न कापता बाहेरच्या अंगाला वळणदार कापायची. ती सरळ डोलकाठीला बांधली की जादाचे कापड मागे सरकते आणि पोट तयार होते. किती वळण? शिडाची मधली रुंदी १.७ मीटर धरा. फुगवट्याची खोली रुंदीच्या १० टक्के हवी असेल तर बाहेरचे वळण साडेचार सेंमी, १२ टक्के हवी असेल तर साडेसहा, ८ टक्क्यांना तीन. ताडपत्री आपण होऊन आणखी थोडी ताणणार आहे, म्हणून साडेचारच्या वर जाऊ नका. बांबूची डोलकाठी वाऱ्यात वाकत असेल तर एक सेंमी वाढवा, कारण वाकलेली काठी पोट खाते. वळणाचा सगळ्यात बाहेरचा बिंदू पायथ्यापासून ७०-७५ सेंमीवर ठेवा, मधोमध नको.

मागची बाजू याच्या उलट, मध्यावर चार सेंमी आत. बाहेर ठेवली तर पट्ट्या घालाव्या लागतात, आणि सरळ ठेवली तरी ताडपत्री थोडी ताणली की कडेला फडफड सुरू होते. खांदा-शेंडा सरळ. खालची बाजू पाच-सहा सेंमी बाहेर, ते फक्त दिसायला आणि थोड्या जास्त क्षेत्रफळाला. वळणे हाताने काढू नका. इलेक्ट्रिशियनकडची प्लास्टिकची केसिंग पट्टी तीन खिळ्यांवर वाकवून रेघ मारा, खरी गुळगुळीत रेघ येते. रेघेबाहेर ४ सेंमी दुमडीला सोडून कापा.

शिवण

घरच्या मशीनवर होते, १६ किंवा १८ नंबरची सुई आणि जाड पॉलिएस्टर धागा. सुती धागा उन्हात वर्षभरात सुटतो, तो नको. टाका झिगझॅग, लांबी ४ ते ५ मिमी. लहान टाक्याने शिवण भक्कम होते हे ब्लाउजला खरे, इथे उलटे. जवळजवळ भोके पडली की तिकिटाच्या कागदासारखी रेघ तयार होते आणि तिथूनच फाटते. मशीनचा पाय ताडपत्रीला चिकटून कापड पुढे जात नसेल तर टाल्कम पावडर भुरभुरा.

पिना लावू नका, प्रत्येक पीन म्हणजे एक भोक. दुमड आधी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवा. पॉलिइथिलीनला गोंद धरत नाही, म्हणून जागा स्पिरिटने पुसून, वाळवून मग टेप. टेपचे काम फक्त शिवेपर्यंत धरून ठेवायचे. नुसत्या टेपवर सोडलेले शीड एप्रिलच्या उन्हात आपोआप उलगडते.

डोलकाठीच्या दुमडीत ५ मिमीची पॉलिएस्टर दोरी घाला आणि ती फक्त दोन टोकांना शिवा. नायलॉनची दोरी नको, ती ताणते. खांदा-शेंडा बाजूला २० मिमीचा बॅगेचा पट्टा शिवा, तिथे ताण जास्त आणि आधार काही नाही. मागच्या बाजूला दोरी मुळीच घालू नका, आवळली गेली तर कड आत वळते आणि वारा अडतो. तिथे साधी सपाट दुमड.

कोपऱ्यांना तीन थर : ३५, २७ आणि २० सेंमीचे, मोठा आधी. सारख्या मापाचे तीन घातले तर तिन्हींच्या कडा एकाच रेषेत येतात आणि तिथेच कापड मोडते. थरांची वीण शिडाच्या विणीच्या दिशेनेच ठेवा. नुसत्या आयलेटवर कोपरा सोडू नका. ताडपत्रीसोबत येणारे ॲल्युमिनियमचे आयलेट पहिल्याच झोतात निघून येतात. २५ मिमीचा पट्टा स्टेनलेस कडीतून ओवून कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना १२-१५ सेंमी शिवून टाका. शेंड्याला कडीऐवजी पट्ट्याचाच फासा ठेवा, त्यात तिरक्या काठीचे टोक बसते. डोलकाठीच्या बाजूला दर २५ सेंमीवर पितळी आयलेट आणि प्रत्येकात स्वतंत्र बंद. एकच लांब दोरी गुंडाळली तर एक ठिकाणी तुटली की सगळे सुटते.

तिरकी काठी २.७ मीटरचा सरळ बांबू. तिचा खालचा शेवट डोलकाठीला पायथ्यापासून ४० सेंमीवर दोरीच्या फाशात.

पहिल्यांदा उभे केल्यावर

पाण्यात नेण्याआधी जमिनीवर उभे करा, सकाळच्या हलक्या मतलई वाऱ्यात. बंद असे बांधा की शीड आणि डोलकाठीत अर्धा सेंमी जागा राहील. खांद्यापासून शेपटाकडे मोठी घडी पडत असेल तर तिरकी काठी सैल आहे, खालचा फासा वर ओढा. शेंड्यापासून पायथ्याकडे घडी असेल तर काठी जास्त ताणली आहे. डोलकाठीजवळ आडव्या बारीक सुरकुत्या म्हणजे पायथ्याची दोरी ओढायला हवी. पोट मागच्या बाजूला सरकलेले दिसले तरी आधी हाच उपाय, पायथा आणखी ताणा. तरी सरकलेलेच राहिले तर कापड ताणले गेले आहे. डोलकाठीची दुमड उसवून वळण दीड-दोन सेंमीने कमी करता येते, एकदा. मागची कड फडफडत असेल तर ती शिवलेली दुमड उसवून दोन सेंमी आणखी आत कापा.

फाटले तर दोन्ही बाजूंनी ठिगळ, कोपरे गोल कापलेले. चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी उचकटतो. पाण्यावर असताना ताडपत्रीची टेप चालते, घरी आल्यावर शिवा. खाडीतून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, कारण मिठाचे खडे शिवणीत बसून धागा घासतात. घडी घालू नका, प्लास्टिकच्या पाइपवर गुंडाळून सावलीत ठेवा. जून-जुलैत होडी वर काढलेली असताना शीड माळ्यावर जाणार असेल तर उंदरांचा बंदोबस्त आधी करा, त्यांना ताडपत्रीही चालते.